काहील आणि उलांडी

आमच्या आबांना पोहता येत होतं, पण होडीत मात्र ते आयुष्यात बसले नाहीत. बसले ते काहिलीत. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती पसरट कढई, पंचगंगा पात्राबाहेर आली की होडी व्हायची. पाच-सहा माणसं, एखादी शेळी, धान्याचं पोतं असं सगळं त्यात बसवायचं आणि चांगले पोहणारे दोघं-तिघं कडेला धरून ढकलत न्यायचे. काहिलीला पुढचा-मागचा भाग नसतो. जरा ढकलण्यात चूक झाली की ती जागच्या जागी गरगर फिरायची. आत बसलेल्या म्हाताऱ्या मग नरसोबाचा धावा करायच्या.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, एवढंच आम्हा कोल्हापूरकरांचं जलशास्त्र. पाणी चढतं आणि उतरतं ते पावसाच्या मर्जीनं. रोज ठरल्या वेळी चढणारं पाणी बघायला मला गगनबावडा ओलांडून विजयदुर्गच्या खाडीवर जावं लागलं.

घाटमाथ्यावर दरवेळी एक विचार मनात येतो. इथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, पण माथ्याच्या अलीकडं पडलेला थेंब कुंभीतून पंचगंगेत, तिथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात जातो. एवढा वळसा आमच्या एस. टी.नं पण कधी घातला नाही! पलीकडं पडलेला थेंब मात्र सरळ खाडीला लागतो. याच खाडीतून पूर्वी गलबतं आत खारेपाटणपर्यंत यायची आणि तिथला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचा. म्हणजे आमच्या पेठेचं बंदर खारेपाटण, असं म्हणायला हरकत नाही. (पेठेतल्या कुणाला सांगितलं तर तो आधी हसेल.)

मी काठावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि खाडी जवळजवळ गायब होती. काळा चिखल, तिवरांची वर आलेली मुळं, दगडांवर कोयता आपटत कालवं काढणाऱ्या दोन बायका. होडी चिखलात एका अंगावर कलून पडलेली. अरुंद, लांबट, आणि एका बाजूला दोन आडव्या दांड्यांना बांधलेला लाकडी ओंडका. तीच उलांडी. सायकल शिकणाऱ्या पोराला बापानं एका बाजूनं हात द्यावा, तसा तो ओंडका होडीला कलू देत नाही.

होडीवाले काका जाळं विणत बसले होते. मी विचारलं, "कधी निघायचं?"

"आज पंचमी मा? पाणी येऊंदे, मगे जाऊया."

हिशेब त्यांनीच सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पुनवेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. कॅलेंडरमध्ये तिथी मी आजवर फक्त संकष्टीसाठी बघत आलो. इथं तिच्यावर होडी सुटते.

मग पाणी आलं. आवाज न करता, उलट्या दिशेनं. नदी मागं वळताना बघून माझ्या पोटात गोळाच आला, कारण आमच्याकडं कृष्णेची फूग लागून, म्हणजे तिचं पाणी मागं रेटलं जाऊन, पंचगंगा तुंबली की पुढची गोष्ट माहीत असते. पण इथं कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बायकांनी कालवांच्या टोपल्या उचलल्या आणि दोन पावलं मागं सरकल्या.

बसून कंटाळा आला म्हणून मी काकांना काहिलीची गोष्ट सांगितली. त्यांनी जाळ्यातून डोकं वर काढलं.

"तेचो पुढचो भाग खंयचो?"

"पाणी नेईल तिकडचा."

ते बराच वेळ हसले. तेवढ्यात उलांडीचा ओंडका चिखलातून सुटला, होडी हळूच सरळ झाली आणि काका उठून दोरी सोडायला गेले.