विहिरीवरचा लांडा

निफाडच्या अलीकडची तीच विहीर, पाण्यावर वाकलेली तीच बाभूळ. दोन पावसाळे सुगरणीचे खोपे मोजण्यात गेले. यंदा एकाच नराच्या मागे लागायचं ठरवलं. ओळखायचा कसा? एकाच्या शेपटीतली पिसंच गळालेली निघाली. वहीत त्याचं नाव लांडा. डोकं मात्र हळदीत बुडवल्यासारखं.

६ जुलै. लांड्याला बांधावरचा ऊस पसंत. पातीच्या कडेला चोचीने खाच पाडतो, सुटलेलं टोक धरून उडतो, आणि त्या झटक्यात हातभर धागा सोलून येतो. हे दुर्बिणीतून पाहताना अर्धा तास कुठे गेला कळलं नाही.

१३ जुलै. खोपा अर्धा झालाय, डोक्यावरच्या टोपासारखा, खाली आडवी दांडी, आत ओल्या मातीचे थापटे. आता माद्या येऊ लागल्या. एक जरी आली तरी अकराच्या अकरा नर आपापल्या टोपाला लोंबकळून पंख फडफडवतात, नुसता कालवा. ती ढिम्म. आत शिरते, दांडीवर बसून दोन-चार धागे ओढून बघते, निघून जाते. ४० मिनिटांत लांड्याकडे तिघी येऊन गेल्या, तिघींनीही नाकारलं. (नाव सुगरण, पण विणकाम सगळं याचं!)

२० जुलै. फोटोच्या हव्यासाने फार जवळ गेलो. वीस मिनिटं झाडावर चिटपाखरू नाही. चूक माझीच. आता पूर्वेच्या बांधावर बसतो. खोपे पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोशाला, पूर्वेच्याच अंगाला आहेत, म्हणजे सकाळचं ऊनही माझ्या पाठीशी. मळेवाले काका म्हणाले, "भाऊ, द्राक्षाला एवढा वेळ दिला असता तर बाग झाली असती."

२४ जुलै. जमलं! चौथी मादी दांडीवर बसली, शेपटी उचलली, पंख थरथरवले. मीलन दोन-तीन सेकंदांचं. कॅमेरा पिशवीत. लगेच लांडा कामाला: एका बाजूला अंड्यांची खोली बंद करायला घेतली, दुसऱ्या बाजूने नळी.

३१ जुलै. नळी वीतभर लोंबतेय, मादी आतच. अंडी उबवणं तिच्या एकटीकडे, त्यामुळे लांडा मोकळा. पलीकडच्या फांदीवर त्याने दुसरा टोप सुरूही केलाय. पहिल्याखाली विहिरीचं पाणी होतं, याच्याखाली कठड्याचा दगड. अजून एकही मादी तिकडे फिरकलेली नाही.