‘घरचं खाऊन’ पगार

परवा सकाळी कारखान्यावर निघालो होतो. गाडी सुरू करणार तेवढ्यात भावकीतला एक पोरगा दारात आला. यंदाच मेकॅनिकलला पास झालाय. म्हणाला, “दादा, चाकणला एका कंपनीत अठरा हजार म्हणत्यात आणि हितं कारखान्यात चौदा. पप्पा म्हणत्यात, चौदाच घे. घरचं खाऊन चौदा म्हणजे पुण्यातल्या पंचवीसच्या बरोबर. काय करू?”

मला आठला पोचायचं होतं. “रविवारी निवांत बोलू,” म्हणालो आणि निघालो. पण ते ‘घरचं खाऊन’ दिवसभर डोक्यातून जाईना. २०१८ साली हेच दोन शब्द मला ऐकवले गेले होते आणि ते खरे मानून मी काही वर्षं काढली. त्याला जे सांगायचं होतं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण असा प्रश्न पडलेली पोरं आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत.

आमचं गाव कृष्णाकाठचं, वाळवा तालुक्यातलं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि इंजिनिअरिंग आमच्या उसाच्या पट्ट्यात आलं. दादा आमच्याच जिल्ह्यातले. त्या निर्णयाबद्दल मतमतांतरं आहेत, पण माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला घरून एसटीनं जाऊन-येऊन इंजिनिअर होता आलं ते त्यामुळेच. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर, २०१४ ला डिग्री हातात. कॉलेज गावापर्यंत आलं, नोकरी मात्र आली नाही. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त त्याच वर्षी पुण्याकडे गेले. मीही गेलो. चाकणला प्रेस शॉपमध्ये ट्रेनी म्हणून बारा हजारावर लागलो आणि चार वर्षांत अठ्ठावीस हजारांवर पोचलो. एका खोलीत चौघं राहायचो.

२०१८ च्या पावसाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. धाकटी बहीण शिकत होती, रानात दोन एकर ऊस उभा होता. परत येण्याला पर्याय नव्हता. जवळच्या एका साखर कारखान्यात शिफ्ट इंजिनिअरची जागा होती. मुलाखतीत समोरच्या साहेबांनी माझा चाकणचा पगार विचारला, मान हलवली आणि म्हणाले, “इथं सतरा देऊ. भाडं नाही, डबा घरचा, दूध घरचं. घरचं खाऊन सतरा म्हणजे वाईट नाही.” मला ते पटलं. आईलाही पटलं.

मग मी महिन्याचा हिशेब वहीत लिहायला लागलो. भाडं वाचलं, हे खरं. पण कारखाना चौदा किलोमीटरवर, रात्री बाराच्या पाळीला एसटी नाही, त्यामुळे पेट्रोल रोजचं. अण्णांना दर महिन्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं, त्याला भाड्याची गाडी. औषधाच्या पाकिटावरची किंमत गावासाठी वेगळी छापलेली नसते. सिमेंटचं पोतं, मोबाइल, बहिणीची परीक्षा फी, हप्ता, कशालाच गाव-शहर नाही. आणि ‘घरचं’ म्हणजे तरी कुणाचं? घरचं दूध आईच्या पाठीवर येतं. पहाटे पाचला उठून दोन म्हशींचं शेण काढणारी बाई माझ्या पगारात भर घालत होती आणि तिचं नाव कुठल्याच पगारपत्रकावर नव्हतं. चाकणचा मालक माझ्या आईच्या कष्टातून आपला खर्च वाचवत नव्हता. इथे तेच चाललं होतं, आणि ते मला सवलत म्हणून सांगितलं गेलं होतं.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना साखर कारखाना म्हणजे धुराडं आणि मळीचा वास एवढंच माहीत असतं.

टनभर ऊस गाळला की साधारण पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, निघते. निम्मी ओलच असते तिच्यात. तीच बॉयलरमध्ये जळते, तिच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटतो. बॉयलर थांबला की कारखाना थांबला. जुने बॉयलर एकवीस-बत्तीस किलोचे असायचे. सहवीजनिर्मिती आल्यावर पंचेचाळीस, सदुसष्ट, ८७, काही ठिकाणी ११० किलोपर्यंत गेले. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब. ट्रकच्या टायरात सात-आठ किलो असतो, तो फुटला तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मी आज ज्या बॉयलरवर आहे तो ८७ किलोचा, वाफेचं तापमान ५१५ अंश. तो पुण्यात उभा आहे की उसाच्या फडात, हे त्याला कळत नाही. ड्रममधली पाण्याची पातळी गेली तर दोन्हीकडे तेच होईल. जबाबदारी तीच, शिक्षण तेच, रात्रपाळी तीच. मग पगार गावाचा का?

एक रात्र सांगतो. पहिल्याच कारखान्यातली, जानेवारी २०२०. पाळी बारा ते आठची. अडीचच्या सुमारास फायरमन म्हणाला, “साहेब, पाणी जास्त खातोय.” फीड पंप जेवढं पाणी देत होता तेवढी वाफ मीटरवर दिसत नव्हती. भट्टीतला धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचा लोड हळूहळू चढत होता. भट्टीच्या मागच्या बाजूला कान दिला तर फुस्स असा बारीक, न थांबणारा आवाज. बॉयलरमधली पाण्याची नळी, म्हणजे ट्यूब, गळत होती. त्या आधी अवकाळी पाऊस झालेला, ऊस चिखलासकट येत होता, आणि बगॅसबरोबर आत जाणारी माती-वाळू ट्यूबा घासत राहते. वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, “सकाळपर्यंत ओढता येईल का?”

त्या प्रश्नाचं वजन यार्डात उभं होतं. दीडशेच्या आसपास ट्रॅक्टर, शेजारी बैलगाड्यांची रांग, थंडीत चगाळ पेटवून बसलेले बीडकडचे तोडकरी. गळीत थांबलं की ऊस वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान आमच्याच माणसांचं. त्या रांगेत माझ्या मामाची ट्रॉली होती. पण एक गळती शेजारच्या ट्यूबा कापत जाते, आणि त्या भिंतीपलीकडे माझी चार माणसं काम करत होती. मी बंद करायला सांगितला. मिल थांबली तेव्हाची शांतता अजून कानात आहे. अर्ध्या तासात गेटवर आरडाओरडा सुरू झाला, मामाही त्यात होता. बॉयलर निवायलाच दिवस लागला. आत गेलो तर एका ट्यूबला करंगळीएवढं भोक आणि शेजारच्या तीन ट्यूबा कागदासारख्या झालेल्या. सकाळपर्यंत ओढला असता तर काय झालं असतं ते फायरमननं आत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या महिन्याचे सतरा हजार मला मे महिन्यात मिळाले.

उशिरा पगार हा आमच्याकडचा मोठा रोग आहे, आणि त्याच्या मुळाशी फक्त कुणाची तरी बेपर्वाई आहे असं मी म्हणणार नाही. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, २०१८-१९ ला टनाला २७५० रुपये होती, २०२५-२६ ला ३५५० झाली. ती वाढलीच पाहिजे, मी स्वतः ऊस लावतो. पण साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये केली आणि पुढे वर्षानुवर्षं ती तिथेच राहिली. एफआरपी चौदा दिवसांत द्यायचा कायदा आहे, नाही दिली तर शेतकरी रस्त्यावर येतो, आणि यावंच. बँक हप्ता सोडत नाही. मग उरतं काय? पगार. तो मागे ढकलला तर रस्ता अडवणारं कुणी नाही. कामगारांसाठी निदान सरकार, कारखानदार आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीचे करार होतात, २०२१ ला बारा टक्के वाढ झाली, २०२५ ला दहा. आम्हा ‘एकत्रित वेतना’वरच्या इंजिनिअरांना तो करार लागू नव्हता. कामगारांत आम्ही अधिकारी, आणि अधिकाऱ्यांत आम्ही कंत्राटी.

माझे डोळे उघडले ते एका वेल्डरमुळे. त्या गळतीच्या वेळी बाहेरून हाय प्रेशर वेल्डर बोलावला होता. शेजारच्याच तालुक्यातला, बारावी झालेला, आयबीआरचं, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांप्रमाणे मिळणारं, सर्टिफिकेट असलेला. तीन दिवसांत त्यानं जेवढे पैसे घेतले ते माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढे होते, आणि काम संपल्यावर हातात पडल्याशिवाय तो गेटबाहेर गेला नाही. जाताना चहा पीत बसलो होतो. मी विचारलं, एवढा दर मागताना कुणी ‘गावात खर्च कमी’ म्हणत नाही का? म्हणाला, “म्हणत्यात की. मी म्हणतो, मग बिनसर्टिफिकेटवाला बघा.” त्याच्याशिवाय तो बॉयलर पेटवायला परवानगी मिळणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि ऑफिसलाही.

मी घरी येऊन बीओईची पुस्तकं मागवली. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा राज्याचं बाष्पके संचालनालय घेतं. ठरावीक शिक्षण आणि बॉयलरवरचा ठरावीक अनुभव असेल तरच बसता येतं, लेखी होते, मग तोंडी. मोठ्या बॉयलरवर असा माणूस ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. लॉकडाऊनच्या ऑफ सीझनमध्ये अण्णांच्या खाटेशेजारी बसून अभ्यास केला. ते उजव्या हातानं लिहू शकत नव्हते, पण रोज रात्री विचारायचे, “आज किती पानं?” पहिल्या वेळी तोंडीत राहिलो, दुसऱ्या वेळी झालो. २०२२ च्या हंगामाला बेचाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कारखान्यानं अडतीस हजारावर बोलावलं, क्वार्टरसकट. आज बावन्न आहेत. माझं घर तेच, म्हशी त्याच, गाव तेच. बदललं एवढंच की माझ्या कामाला दुसरीकडे मागणी आहे हे माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं.

लग्नाचं एका ओळीत सांगतो, कारण ते अजून दुखतं. सतरा हजाराच्या काळात सहा ठिकाणी बोलणी झाली, आणि सहाही ठिकाणी मुलीकडच्यांनी विचारलं, “पुण्याला का नाही?”

हे सगळं असून मी गाव सोडा म्हणणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर नदीकाठच्या शेकडो पाण्याच्या मोटारी गाळानं भरल्या होत्या. मी, दोन वायरमन आणि एक रिवायंडिंगवाला, आम्ही पंधरा दिवस त्या खोलून, धुऊन, वाळवून चालू करत होतो. इथे इंजिनिअर लागतो, रोज लागतो. ठिबक, सौरपंप, गुऱ्हाळ, दूध शीतकरण, सगळीकडे लागतो. त्याच्या कामाची किंमत मात्र त्याच्या आईच्या चुलीवरून ठरते, याचा मला राग आहे.

रविवारी तो पोरगा आला. मी त्याला सांगितलं, चौदा की अठरा हे नंतर बघ. आधी कारखान्यात तीन गोष्टी विचार: गेल्या हंगामातले पगार कोणत्या महिन्यात झाले, ऑर्डर हंगामी की कायम, आणि तुला बॉयलरवर किंवा टर्बाइनवर घेणार का, की स्टोअरला बसवणार. स्टोअरला बसवणार असतील तर सरळ चाकण गाठ. बॉयलरचा अनुभव लिहून देणार असतील तर दोन वर्षं काढ, पण तारीख ठरवून काढ. आणि पप्पांना वही दाखव, मी माझी दिली त्याला, २०१८ ची.

मग गेटपास काढून त्याला कारखान्यावर नेलं. ऑफ सीझन, ओव्हरहॉलिंग चालू, भट्टी उघडी. हेल्मेट घालून मॅनहोलमधून आत शिरलो. काळोख, राखेचा वास, बॅटरीच्या उजेडात ट्यूबांच्या रांगा. एका ट्यूबेवरून त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, “दादा, ही हितं गुळगुळीत लागती.” तिथेच वाळू घासते. मी जाडी मोजायचं यंत्र त्याच्या हातात दिलं. मूळ चार मिलिमीटरची ट्यूब. त्यानं प्रोब टेकवला, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून थांबला आणि मोठ्यानं वाचला, “दोन पॉइंट सहा.” मी वहीत लिहून घेतलं. तो पुढच्या ट्यूबेकडे सरकला होता.