निसर्गसंवर्धन शिकायला कोस्टा रिकाला का गेलात?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहीत आहे. निसर्गसंवर्धन आणि शाश्वत विकास हे विषय शिकण्यासाठी परदेशी जाण्याची खरोखर गरज होती का, आणि पुस्तकांतून मिळाले नसते असे तिथे काय मिळाले, हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात आणि त्यांचे पालकही विचारतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षी मी एक सत्र कोस्टा रिकामध्ये शिकले. त्यातला निम्म्याहून अधिक काळ पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओस्तिओनाल या गावात गेला. पावसाळी जंगलांविषयी आणि कासवांविषयी तिथे जे कळले, त्यातले बरेचसे चांगल्या ग्रंथालयात बसूनही कळले असते. मात्र राखलेल्या प्रत्येक जागेमागे माणसांनी आपसांत केलेली एक देवाणघेवाण असते, आणि तिचा भार वाहणाऱ्या लोकांमध्ये राहिल्याशिवाय ती नीट दिसत नाही, ही गोष्ट मला तिथेच समजली.

ओस्तिओनालच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला एकेकट्या येतात, तशाच हजारोंच्या संख्येने एकदमही येतात. या सामूहिक आगमनाला स्पॅनिशमध्ये ‘अरिबादा’ म्हणतात. पावसाळ्याच्या महिन्यांत तो सर्वांत मोठा असतो आणि काही रात्री सलग चालतो. एक मादी साधारण शंभर अंडी घालते. १९८७ पासून या गावाला अरिबादाच्या सुरुवातीच्या साधारण दीड-दोन दिवसांत घातली गेलेली काही अंडी गोळा करून विकण्याची कायदेशीर परवानगी आहे. जाण्यापूर्वी मी हे वाचले होते आणि ते मला मुळीच पटले नव्हते. जी जात धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे, तिची अंडी बाजारात विकू देणे म्हणजे गरिबीच्या नावाखाली केलेली तडजोड आहे, असे मी माझ्या अर्जासोबतच्या निबंधात ठामपणे लिहिले होते.

ऑक्टोबरमधल्या एका रात्री पहिला अरिबादा पाहिला आणि तो निबंध मनातून उतरला. वाळूवर पाय ठेवायला जागा उरलेली नव्हती, कवचांवर कवचे आपटल्याचा आवाज लाटांच्या आवाजातही वेगळा ऐकू येत होता, आणि खड्डा खणणारी प्रत्येक मादी आपल्या आधी आलेल्या मादीची अंडी उकरून बाहेर फेकत होती. किनारा तेवढाच, त्यावर येणाऱ्या माद्या मात्र असंख्य, त्यामुळे पहिल्या रात्रींची पुष्कळ घरटी नंतरच्या रात्रींमध्ये मोडतात. फुटलेली अंडी वाळूत कुजतात, त्यांच्यावर जिवाणू आणि बुरशी वाढते आणि शेजारच्या धडधाकट घरट्यांनाही त्यांची बाधा होते. सुरुवातीची अंडी तशीही मोठ्या प्रमाणात नष्ट होणार आहेत, या निरीक्षणावर ही परवानगी आधारलेली आहे. पहाटे गावातली माणसे टाचेने वाळू चाचपत घरटी शोधत होती आणि बायका अंडी पिशव्यांत भरत होत्या. पुढच्या आठवड्यांत तीच माणसे किनाऱ्यावरचे ओंडके आणि कचरा उचलताना, रात्री पहारा देताना आणि पिल्ले बाहेर पडू लागली की गिधाडांना व कुत्र्यांना हाकलताना दिसली. गोळा करण्याचा हक्क गावच्या विकास संघटनेच्या सदस्यांपुरता आहे आणि मिळालेला पैसा सदस्यांमध्ये व गावाच्या कामांमध्ये वाटला जातो. हक्क आणि राखण ही दोन्ही एकाच हाती आहेत, यात त्या व्यवस्थेचे बळ आहे असे मी मानते.

परंतु हे सगळे मला लगेच उमगले असे नाही. पहिल्याच आठवड्यात, विद्यापीठात तयार केलेली प्रश्नावली घेऊन मी घरोघरी गेले होते. त्यातला पहिलाच प्रश्न कुटुंबाला अंड्यांपासून किती उत्पन्न मिळते हा होता. एका वयस्कर बाईंनी तो ऐकला, माझ्या हातातला कागद पाहिला आणि अत्यंत सौजन्याने, आज वेळ नाही, असे सांगितले. दुसऱ्या घरी तेच झाले आणि तिसऱ्या घरीही. किनाऱ्यालगतची २०० मीटर रुंदीची पट्टी अभयारण्यात मोडते आणि गावातली पुष्कळ घरे त्याच पट्टीत आहेत, त्यामुळे वही घेऊन आलेला परका माणूस त्यांना प्रथम सरकारी माणूसच वाटतो, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि तीन आठवडे फक्त किनारा साफ करायला जाऊ लागले. त्या काळात माझे स्पॅनिश सुधारले, माझ्या चुका लहान मुले दुरुस्त करू लागली, आणि मग त्याच बाईंनी एका दुपारी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. परवानगीच्या आधीच्या काळात लोक रात्री लपूनछपून अंडी कशी नेत, पहारेकऱ्यांपासून कसे पळत, आणि नियम ठरवण्याच्या बैठका किती लांबत, हे सर्व त्यांनी सांगितले. माझ्या प्रश्नावलीत यांतल्या एकाही गोष्टीसाठी रकाना नव्हता.

ओस्तिओनालचे उत्तर सगळीकडे लागू पडते असा समज करून घेऊ नये, हेही त्याच देशात शिकायला मिळाले. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोमध्ये हिरवी कासवे येतात, ती अरिबादा करीत नाहीत, आणि तिथे अंडी काढणे पूर्णतः निषिद्ध आहे. आर्ची कार या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तिथे संशोधन सुरू केले, १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आज गावाचे बरेच उत्पन्न रात्री कासवे पाहायला येणाऱ्या पर्यटकांपासून येते. देश एकच असूनही दोन किनाऱ्यांनी दोन उलट उत्तरे काढली, कारण कासवांचे वागणे वेगळे होते आणि गावांचा इतिहासही वेगळा होता. ओस्तिओनालवरचा एक आक्षेप तर मला आजही गंभीर वाटतो. कायदेशीर अंडे आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून चोरलेले अंडे बाजारात पोहोचल्यावर सहज वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे एका गावाची परवानगी दुसऱ्या ठिकाणच्या चोरीला आडोसा देऊ शकते. पिशवीवर संघटनेची खूण असते, पण पिशवी उघडल्यावर ती खूण काहीच सांगत नाही.

जंगलांचा अभ्यास आम्ही देशाच्या आतल्या भागात केला. १९९६ च्या वनकायद्याने कोस्टा रिकाने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी घातली आणि त्याच कायद्याने जमीनमालकांना जंगल राखण्याचा मोबदला देण्याची सोय केली. कार्बन साठवणे, पाणी राखणे, जैवविविधता जपणे आणि निसर्गसौंदर्य टिकवणे अशा चार सेवांसाठी हा मोबदला मिळतो आणि त्याचा मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. १९८० च्या दशकात जंगल देशाच्या साधारण पाव भागापर्यंत आक्रसले होते, आज ते निम्म्याहून अधिक भागावर आहे. हे आकडे जगभरच्या वर्गांमध्ये दाखवले जातात आणि श्रेय बहुतेक वेळा या मोबदल्याला दिले जाते. माझ्या मते ते श्रेय पूर्णपणे त्याचे नाही. गोमांसाचे भाव आधीच पडले होते, कुरणे तोट्यात गेली होती आणि सोडून दिलेल्या कुरणांवर १९९६ पूर्वीच झाडोरा परतू लागला होता. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत मोबदल्याचा लाभ मोठ्या जमीनमालकांना अधिक मिळाला, कारण लहान शेतकऱ्याला कागदपत्रे जमवणे परवडत नव्हते आणि अनेकांकडे जमिनीचे पक्के कागद नव्हतेच. ज्या सरांनी आम्हाला हे शिकवले, ते त्या योजनेचे समर्थक होते, आणि तरीही त्यांनी पहिल्या तासालाच तिच्यातून कोण वगळले गेले हे सांगितले, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

आता तुम्ही जावे की नाही, या तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. दोन-तीन आठवड्यांच्या सहलीवजा अभ्यासक्रमासाठी इतका लांबचा विमानप्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या प्रवासात जाळलेले इंधन सार्थकी लागण्याइतके काही एवढ्या थोड्या दिवसांत हाती येत नाही. किमान एक पूर्ण सत्र मिळत असेल आणि निघण्यापूर्वी तिथली भाषा निदान संभाषणापुरती शिकण्याची तयारी असेल, तर अवश्य जा. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला विचारा की तुमचा अभ्यासविषय ठरवताना त्या गावातल्या कोणाचे मत घेतले होते का, संशोधनाचा परवाना कोणाच्या नावावर असेल, आणि तयार झालेला अहवाल गावाला त्यांच्या भाषेत परत दिला जातो का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या वेळी ‘नाही’ असे होते. मी माझ्या अहवालाचे स्पॅनिश भाषांतर करून, एका वर्गमैत्रिणीकडून तपासून घेऊन, गावच्या संघटनेला पाठवले. सहा आठवड्यांनी त्यांचे उत्तर आले. मी पहाऱ्याच्या पाळ्या चुकीच्या मोजल्या होत्या आणि बायकांनी दिलेल्या पहाऱ्याच्या पाळ्या तर मुळीच धरल्या नव्हत्या. सोबत त्यांनी त्या वर्षीच्या पाळ्यांची हाताने लिहिलेली यादी जोडली होती. विद्यापीठात जमा केलेल्या अंतिम प्रतीत ती यादी परिशिष्ट म्हणून आहे.