मलप्रभेकाठी स्पिनिंग रील निवडताना
बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतील मासा. आमच्या खानापूरकडे मलप्रभेत गळाला लागते ती मरळ. तरीही बाससाठी सर्रास वापरली जाणारी २५०० आकाराची स्पिनिंग रील, म्हणजे काठीखाली बसणारी दोरी गुंडाळायची फिरकी, मला इथेही योग्य वाटते, कारण सात फुटी हलक्या काठीवर ती तोल सांभाळते आणि सकाळभर गळ टाकूनही मनगट भरून येत नाही.

दुकानदार बेअरिंगची संख्या अभिमानाने सांगतात. मी मात्र प्रथम ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी ताणाखाली हळूहळू सुटू देणारा ब्रेक, तपासतो. दोरी हाताने ओढली असता स्पूल (दोरी गुंडाळलेले रीळ) धक्का न देता एकसारखे फिरले पाहिजे. गेल्या दिवाळीनंतर माझ्या जुन्या रीलचा ड्रॅग ऐन हिसक्याला अडकला, दोरी पाणवेलींच्या कडेला तटकन तुटली आणि गळ माशाच्या तोंडातच राहिला, याचे मला आजही वाईट वाटते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्श्यावर ठेवावा.

गिअर गुणोत्तर ६.२:१ असले, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात रोटर (स्पूलभोवती दोरी गुंडाळणारा भाग) ६.२ वेळा फिरत असला, की बहुतेक कामे भागतात. गळ पाण्यात पडल्यावर बेलची तार (दोरी सोडताना उघडायची आणि गुंडाळताना मिटायची कमानीसारखी तार) मात्र हातानेच मिटवावी. त्यामुळे दोरीला पीळ कमी पडतो.