मीटरचा दिवा, पीझेम आणि स्वयंपाकघरातला डिस्प्ले: आठव्या आठवड्याचा अपडेट

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं की पीझेम (घरात लावलेलं वीज मोजायचं छोटं मॉड्यूल) आणि मीटर यांचे आकडे जुळत नाहीयेत, बघते आणि सांगते. ते कोडं सुटलं. पण नवीन लोकांसाठी आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर काही कळणार नाही. घरात आत्ता या क्षणी किती वीज जातेय ते दाखवणारा डिस्प्ले मी घरीच बनवतेय.

आमचा फ्लॅट नाशिकला, तिसऱ्या मजल्यावर, मीटर खाली पार्किंगमधल्या मीटर रूममध्ये. गेल्या वर्षी जुना मीटर जाऊन टीओडीवाला, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारा, स्मार्ट मीटर आला. ॲपमध्ये वापराचा ग्राफ दिसतो, तो चांगलाच आहे, दिवसा ९ ते ५ मध्ये किती युनिट गेली ते कळतं आणि त्या वेळेला सवलत असल्यामुळे वॉशिंग मशीन आणि इस्त्री आम्ही दुपारी घ्यायला लागलो. पण तो आकडा मागाहून येतो. गिझर चालू राहिलाय हे मला आत्ता कळायला हवं, उद्या कळून काय उपयोग.

या सगळ्याचं वेड लागलं ते ताईकडे. ती इंग्लंडमध्ये स्लाऊला असते, तिच्याकडे महिनाभर होते तेव्हा तिच्या ओट्यावर फोनएवढा एक डिस्प्ले उभा असायचा. तिथे स्मार्ट मीटर बसवताना असा डिस्प्ले फुकट देतात, मीटरशी तो झिगबी नावाच्या वायरलेसवर बोलतो, विजेचा आकडा साधारण दर १० सेकंदांनी बदलतो, गॅसचा मात्र अर्ध्या तासाने, कारण गॅस मीटर बॅटरीवर चालतो आणि सारखं बोलत बसला तर बॅटरी टिकणार नाही. किटली लावली की आकडा उडी मारतो, खाली हिरव्याचं पिवळं आणि मग लाल होतं. एक गोष्ट मला आवडली नव्हती, रात्री बारा वाजून गेले की काहीही न वापरता आजचा खर्च म्हणून काही पेन्स दिसतात, तो त्यांचा रोजचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे स्थिर आकार. नेदरलँड्समध्ये तर मीटरलाच पी-वन नावाचा पोर्ट असतो, नव्या मीटरवर दर सेकंदाला डेटा येतो, केबल लावली की काम झालं. आपल्या मीटरवर ऑप्टिकल पोर्ट असतो पण त्याला पासवर्ड आणि सिक्युरिटी असते, त्यामुळे तो मार्ग आपला नाही. आपल्यासाठी उघडा असतो तो फक्त समोरचा लुकलुकणारा लाल दिवा.

आणि तो दिवा खरंच खूप काही सांगतो. माझ्या मीटरवर ३२०० इम्प (पल्स) प्रति केडब्ल्यूएच लिहिलंय, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमधला वेळ सेकंदात मोजा आणि ११२५ ला त्याने भागा, सरळ वॅट मिळतात. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर २२५० घ्या. आधी नुसत्या फोनच्या स्टॉपवॉचने करून बघा, २० लुकलुकी मोजायच्या आणि भागायचं, मजा येते.

आता मी करून बघितलेल्या तीन पद्धतींची तुलना. पहिला प्रयोग होता नुसत्या करंटच्या क्लॅम्पचा (वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा सेन्सर), एससीटी-०१३, आणि व्होल्टेज २३० धरून चालायचं. जुने बरेचसे रेडीमेड क्लॅम्पवाले डिस्प्ले हेच करतात. हे मी दोन आठवड्यांत बंद केलं. आमचा जुना फ्रीज पाऊण अँपिअर घेतो, म्हणजे हिशोबाने १७० च्या वर वॅट, पण त्याचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती भाग) ०.६५ च्या आसपास, खरे वॅट ११० च्या घरात. शिवाय रात्री आमच्याकडे व्होल्टेज २४५ पर्यंत चढतं. मीटर खरे वॅट मोजतो, क्लॅम्प तसं करत नाही, मग त्यांची बेरीज कधीच जुळणार नाही. गिझर, इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंना ठीक, बाकीला नको.

दुसरा पीझेम-००४टी, व्हर्जन ३. हा व्होल्टेजही घेतो त्यामुळे खरे वॅट, पॉवर फॅक्टर सगळं देतो, आणि हे आकडे केबलने ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला पाठवतो. त्याची सीटी (करंट मोजणारी कडी) आमच्या घरातल्या डीबीमध्ये, म्हणजे एमसीबीच्या पेटीत, मेनच्या फेज वायरवर घातली. (डीबी उघडायचं काम वायरमनकडूनच करून घ्या, मेनच्या आधीची वायर जिवंतच असते, प्लीज.) तिसरा म्हणजे मीटरच्या दिव्यावर फोटोडायोड, उजेड ओळखणारा सेन्सर, जो लुकलुकी मोजतो. मीटरला हात लावायचा नाही, सील तर अजिबातच नाही, बाहेरून काचेवर चिकटवायचं फक्त, तेही सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना आधी दाखवून. मीटर रूममध्ये प्लग नाही आणि वायफाय पोचत नाही म्हणून ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड), एक १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियमचा) आणि लोरा मॉड्यूल (लांब पोचणारा रेडिओ), ८६६ मेगाहर्ट्झवर (आपल्याकडे ८६५ ते ८६७ ला लायसन्स लागत नाही). बोर्डावरचे पॉवर एलईडी उचकटून काढले, नाहीतर तेच बॅटरी खातात. पहिल्या दिवशी रूममधली ट्यूब लागली की हजारो खोटे पल्स यायचे, काळी इन्सुलेशन टेप चारी बाजूंनी लावल्यावर थांबले.

आता मुद्द्याचं. एका आठवड्यात पीझेमने ४८.६ युनिट मोजली आणि मीटरने, माझ्या पल्सनेही आणि मीटरच्या स्वतःच्या रीडिंगनेही, ५५.१. साडेसहा युनिटचा फरक! मीटर क्लास १ चा, म्हणजे चूक साधारण एक टक्क्याच्या आत, पीझेमवर अर्धा टक्का लिहिलेलं, आणि इथे जवळजवळ १२ टक्के. मी सरळ पीझेमला दोष दिला, दुसरा मागवला, तोही तेच दाखवायला लागला. मग सकाळी उजेडात नुसता गिझर लावला, बाकी सगळं बंद, मीटरवर २० लुकलुकींना ११.३ सेकंद लागले म्हणजे १९९१ वॅट, पीझेम म्हणतोय १९८४. एकदम बरोबर! मग फरक जातो कुठे?

तेव्हा दोन्हींचे ग्राफ एकावर एक टाकले आणि वजाबाकीची तिसरी रेघ काढली. दिवसभर ती शून्याला चिकटून. संध्याकाळी साडेसहाला एका झटक्यात ८० वॅटवर, रात्रभर तिथेच सपाट, सकाळी सहाला पुन्हा शून्य. घरात एसी चालू असो वा नुसता पंखा, ती ८० वरून हलत नव्हती. इथेच मला लख्ख कळलं की ही कॅलिब्रेशनची, म्हणजे सेन्सरच्या मापाची, चूक नाही. सेन्सर चुकत असता तर लोड वाढल्यावर फरकही वाढला असता. हा तर कोणीतरी रोज चालू-बंद करत असलेला दिवा होता. आणि साडेसहा ते सहा आमच्या बिल्डिंगमध्ये काय चालू असतं, तर जिन्यातल्या २० वॅटच्या चार ट्यूब.

त्या रात्री मीटर रूममध्ये गेले तर आमच्या मीटरवर ईएल लिहिलेला छोटा दिवा लागलेला, आसपासच्या एकाही मीटरवर नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपले सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात, चोरी पकडायला हे केलेलं आहे. दोन्हीत फरक पडला की ईएल लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरमन काकांना घेऊन गेले. त्यांनी क्लॅम्प मीटर आमच्या मीटरमधून बाहेर येणाऱ्या फेजला लावला, १.९ अँपिअर. न्यूट्रलला लावला, २.३. मग दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये धरल्या, जिथे शून्य यायला हवं, तिथे ०.४. काकांनी वायर हाताने मागे मागे तपासत नेली आणि केबल ट्रेच्या मागे टेपने गुंडाळलेला जोड दाखवला. म्हणाले, "ताई, हे बघा, जिन्याचा न्यूट्रल तुमच्याच न्यूट्रलला मारलाय."

म्हणजे ट्यूबना फेज सोसायटीच्या कॉमन मीटरमधून येत होती आणि करंट परत जात होता आमच्या मीटरमधून. दोन्ही मीटर ती वीज मोजत होते. जोड घराबाहेर असल्यामुळे घरातला आरसीसीबी (फेज-न्यूट्रलमध्ये फरक पडला की सप्लाय तोडणारा स्विच) कधी ट्रिप झाला नाही, आणि पीझेमची सीटी घरात असल्याने त्याला हे दिसूच शकत नव्हतं. महिन्याला २७-२८ युनिट, आणि आमचा वापर एरवीच २२० च्या पुढे असतो, तेव्हा उन्हाळ्यात तो वाढला की ३०० चा स्लॅब ओलांडायला हेही एक कारण ठरत असणार. जोड कधीचा आहे कोणालाच माहीत नाही. सेक्रेटरी काकांनी ऐकल्या ऐकल्या शनिवारी सप्लाय बंद ठेवायची नोटीस लावली, वायरमन काकांनी नवीन न्यूट्रल ओढून वेगळा केला.

त्यामुळे आता कोणी विचारलं की पल्स घेऊ की पीझेम, तर माझं उत्तर बदललंय. बिलाशी जुळणारा आकडा हवा असेल तर मीटरचा दिवा. व्होल्टेज, पॉवर फॅक्टर बघायचे असतील तर पीझेम. पण एकदा तरी महिनाभर दोन्ही शेजारी चालवा आणि वजाबाकीची रेघ काढा. हे नाही केलं असतं तर मला आयुष्यभर कळलं नसतं. आणि काही न बनवता, आज रात्री खाली जाऊन ईएलचा दिवा तेवढा बघून या. सोलरवाल्यांनी मात्र थांबा, वीज बाहेर जाताना पण दिवा लुकलुकतो आणि हा पीझेम करंटची दिशा सांगत नाही, तुमच्यासाठी वेगळं काहीतरी शोधावं लागेल.

डिस्प्लेबद्दल थोडक्यात. २.८ इंची टीएफटी (छोटा रंगीत स्क्रीन) आधी डीबीपाशी दाराच्या मागे लावला होता, तिथे कोणी बघायचं नाही. आता स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीखाली, उभं राहिलं की डोळ्यांसमोर. मोठ्या अक्षरात आत्ताचे वॅट, १५०० च्या वर लाल. खाली आजची युनिट, आणि त्याखाली ३०० व्हायला या महिन्यात किती उरली. ही शेवटची ओळ ताईच्या डिस्प्लेवर नव्हती, आपल्याकडे स्लॅब असल्यामुळे तीच सगळ्यात जास्त बघितली जाते. परवा मी हॉलमध्ये होते तर सासूबाईंनी आतून हाक मारली, "अगं, हे लाल का झालंय? गिझर राहिला की काय?" राहिलाच होता.

काल रात्री वजाबाकीची रेघ ३ वॅटवर होती, ईएल बंद. मीटर रूममधला सेल २६ दिवसांनी ३.९१ व्होल्टवर आहे. ३.५ च्या खाली गेला की कळवते.