गाडी उलाळ झाली

मिशिगनमधलं सॅगिनॉ मागे पडलं आणि आय-७५ महामार्गावर एका लाल पिकअपवाल्यानं आमच्या बरोबरीनं गाडी आणली, हॉर्न दिला, अंगठ्यानं मागे खूण केली. मी हसून हात हलवला. मागे चार सायकली लावलेला आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीनं ओढायचं पलंग-संडासासकटचं चाकांवरचं घर, बघून गडी खूश झाला असेल, असं वाटलं. त्यानं पुन्हा हॉर्न दिला. या वेळी चेहरा अजिबात खूश नव्हता.

पुढच्या रेस्ट एरियात थांबून मागे गेलो. ट्रेलरचा बंपर पिळवटून खाली झुकला होता. डाव्या बाजूच्या वेल्डिंगला बोटभर चीर, आणि तिच्यातून आतलं लोखंड नव्या पातेल्यासारखं चकाकत होतं. रॅक लोंबकळत होता आणि सगळ्यात शेवटची, म्हणजे धाकटीची जांभळी सायकल रस्त्याला टेकली होती. सायकली आडव्या टांगलेल्या, त्यामुळे चाक फिरायचा प्रश्नच नाही, नुसतं घासत आलं. टायर खालून गेलाच होता, रिमही कुणी कानस मारल्यासारखी सपाट झाली होती. बंपरच्या टोकाचं रबरी झाकण उडालं होतं आणि आतून संडासाच्या टाकीचा पाइप बाहेर डोकावत होता.

तो पाइप बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ट्रेलरचा मागचा बंपर बघायला दणकट दिसतो, चार इंची चौकोनी, काळाभोर. पण आहे पातळ पत्र्याची पोकळ नळी. तिचं खरं काम तो पाइप पोटात ठेवायचा आणि जमलं तर स्टेपनी सांभाळायची. त्या नळीला मी नटबोल्टनं एक कडी आवळली, कडीत रॅक घातला आणि रॅकवर चार सायकली टांगल्या. रॅकच्या कागदावर ‘ट्रेलरला लावू नये’ असं छापलेलं होतं. ते कागद मी घरी परतल्यावर वाचले.

गाडीच्या मागे चालतो तो रॅक ट्रेलरच्या मागे का चालत नाही? ज्यानं एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून मिरज-पंढरपूर प्रवास केलाय, त्याला हे सांगावं लागू नये. चाकापासून जितकं मागे बसाल तितका आपटा जास्त. आमच्या ट्रेलरची चाकं बंपरच्या साडेनऊ फूट पुढे आहेत, स्प्रिंगा कडक आहेत आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नावालाही नाहीत. त्यात मिशिगनचे रस्ते. हिवाळ्यात भेगांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि वसंतात खड्डे वर येतात. प्रत्येक खड्ड्याला सायकली वर उडून खाली आदळतात आणि तो झटका वजनाच्या कितीतरी पट असतो.

मग काय, सायकली आत घेतल्या. गाद्यांवर जुने टॉवेल टाकून तीन सायकली पलंगावर झोपवल्या आणि चौथी, जखमी, संडासाच्या दाराला टेकवून बांधली. मॅकिनॉ बेटाची बोट सुटते त्या मॅकिनॉ सिटीला पोचेपर्यंत कुणीही संडासाला जायचं नाही असं ठरलं. ते पाळलं गेलं नाही.

मॅकिनॉ बेटावर मात्र ठरल्याप्रमाणे गेलो. तिथे मोटारींना १८९८ पासून बंदी आहे. बेटाभोवतीचा आठ मैलांचा एम-१८५ हा राज्य महामार्ग असूनही त्यावर नुसत्या सायकली, घोडे आणि पायी चालणारे. धाकटीला भाड्याची सायकल घेतली. घोड्यांच्या लिदीतून वाट काढत, एका बाजूला ह्युरॉन सरोवराचं निळं पाणी ठेवून आम्ही चक्कर मारली. तिनं मला पूर्ण आठ मैल ‘माझी जांभळी असती तर’ ऐकवलं.

परत आल्यावर ट्रेलरचा फोटो अण्णांना पाठवला. अण्णा म्हणजे माझे वडील, राहणार वाळवा तालुका. आयुष्यभर कारखान्याला ऊस घातलेला माणूस. व्हिडिओ कॉलवर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, “आरं, गाडी उलाळ हाय की ती!”

मी हा शब्द वीस वर्षांत ऐकला नव्हता. बैलगाडीत ऊस भरताना मोळ्या मागे जास्त पडल्या की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या आवळतात. पुढे जास्त पडल्या तर तेच ओझं मानेवर येतं आणि बैल बसतो. भरणारा माणूस धुरेखाली खांदा देऊन अंदाज घेतो आणि चार मोळ्या इकडच्या तिकडे करतो.

इथे पुढे पडणाऱ्या या भाराला टंग वेट म्हणतात. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकावर असावा. कमी झाला की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की आपण खूप उशिरा जागे होतो. म्हणजे बंपर तुटला हे माझं नशीबच म्हणायचं. तुटला नसता तर मी खुशाल ताशी सत्तर मैलांनी पळवत राहिलो असतो.

अण्णांचा खांदा इथे नाही, म्हणून बाथरूममधला वजनकाटा काढला. एका टोकाला पाइप, तीन फुटांवर काटा, दोन्हींवर फळी, आणि पाइपापासून एक फुटावर हिच टेकवायचा. काट्यावर येईल त्याची तिप्पट. सामान भरलेला, पण सायकलींशिवाय ट्रेलर : १८७, म्हणजे ५६० पाउंड. मागे दुसऱ्या कडीत रॅक आणि चार सायकली लावल्यावर : १४६. सव्वाशे पाउंड गायब! ४८०० पाउंडांच्या ट्रेलरला सायकलींसकट नऊ टक्केही उरले नाहीत. बायको खिडकीतून बघत होती. “वजन कमी झालं का?” म्हणाली.

ती दुसरी कडी म्हणजे वेल्डरकडून बंपर बाजूला ठेवून थेट चासीला जोडून घेतलेली. तो म्हणाला, आता ट्रेलर मोडेल पण ही मोडणार नाही. तरी तिच्यावर फक्त पोरांच्या दोन हलक्या सायकली. आमच्या दोघांच्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, गॅसच्या टाक्यांवर बसणाऱ्या छोट्या रॅकवर. काटा पुन्हा १८६ दाखवतो. पुढच्या रॅकचा त्रास वेगळाच : कॅम्पग्राउंडमध्ये तिरकं रिव्हर्स घेताना माझ्या हँडलनं आमच्याच गाडीच्या मागच्या दाराला चांगला हातभर ओरखडा काढला. आता वळण घेताना थोरला खाली उतरून ‘बास, बास’ ओरडतो.

नव्या मांडणीचा फोटो अण्णांना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजी निरोप आला, मागे कोंबडा आरवत होता. “आता बरुबर हाय. पर तू त्या सायकली चालीवतोस कवा? का नुस्त्याच वाहून नेतोस?”