आठ ठिकाणी विखुरलेली कार्यशाळा एका जागी आणताना

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यानं लाकूड कापायचं यंत्र. त्याच्या पात्यामागे एक पातळ पोलादी पट्टी असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. लाकडात पडलेली फट पात्याच्या मागे मिटू नये, एवढंच तिचं काम. फट मिटली की लाकूड पात्याला घट्ट धरतं, आणि मागून वर येणारे दाते ते उचलून कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. आमच्या सामुदायिक कार्यशाळेत एका शनिवारी ही पट्टी वाकलेली आढळली. ज्याला आढळली त्याने ती काढून ठेवली आणि लगेच लिहिलं : "पट्टी काढली आहे, सॉ वापरू नका." लिहिलं ते लाकूडकामाच्या टेलिग्राम ग्रुपवर. रविवारी सकाळी काम करायला आलेली मुलगी होती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तिच्या हातातली फळी सुटली, पोटाला घासून मागच्या भिंतीवर आदळली. अंग काळंनिळं झालं, त्यापलीकडे काही झालं नाही.

संध्याकाळी तिनं मला विचारलं, "ताई, मी कुठं बघायला हवं होतं?"

मी त्या वर्षी कार्यशाळेचं समन्वयाचं काम बघत होते, आणि तिला सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन कागदावर यादी केली. व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप, टेलिग्रामचे दोन, ऑफिसात वापरतात तसलं एक चॅट ॲप, ईमेलची यादी, दारामागचा फळा आणि एक विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची माहितीची पानं, ज्यात बऱ्याच महिन्यांत कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. एकूण आठ. प्रत्येक जागा कुणीतरी चांगल्या हेतूनंच उघडली होती. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना फायली पाठवायच्या होत्या म्हणून त्यांनी चॅट ॲप घेतलं. पण त्याच्या मोफत योजनेत 90 दिवसांपूर्वीचं काही दिसत नसे, त्यामुळे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाई आणि तीच माणसं तेच उत्तर पुन्हा टंकत बसत. दर वेळी नवं दार उघडलं, जुनं मात्र कुणी लावून घेतलं नाही.

पहिल्या सभेत मी थेट विचारलं, कोणतं ॲप ठेवायचं? हा प्रश्नच चुकीचा होता. दोन तास गेले, प्रत्येकानं आपलं ॲप उचलून धरलं, आणि दोन जण नाराज होऊन निघून गेले. त्यांचंही खरं होतं. ज्या ग्रुपवर वर्षानुवर्षं सुतारकाम शिकलो, तो बंद करा असं एका सभेत सांगितलं तर कुणालाही लागणारच.

दुसऱ्या सभेआधी मी वेगळं काही केलं. गेल्या महिन्यातले खरे निरोप, नावं गाळून, चिठ्ठ्यांवर उतरवले आणि मोठ्या टेबलावर पसरले. सगळ्यांना एवढंच विचारलं की हा निरोप किती दिवस कामाचा आहे आणि तो कुणापर्यंत पोचलाच पाहिजे. ॲपचं नाव कुणी काढायचं नाही. तासाभरात चार ढीग झाले. "आत्ता कोणी आहे का, दार उघडं आहे का?" हा सर्वांत मोठा ढीग, आणि असा निरोप तासाभरात शिळा होतो. दुसरा चर्चेचा, म्हणजे कुठला गोंद, कुठली मोटर, कुणाकडे क्लॅम्प आहेत. तिसरा लहानसा, पण प्रत्येकाला कळायलाच हवा असा : यंत्र बंद आहे, सभा आहे, किल्ली बदलली. चौथा कायमचा : लेझर कटरची कोणत्या जाडीला काय सेटिंग, पीव्हीसी त्यात का घालायचं नाही (जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसांनाही वाईट आणि यंत्रालाही), लेथचा पट्टा कसा बदलायचा. सॉचा तो निरोप तिसऱ्या ढिगातला होता आणि पडला होता दुसऱ्यात. चिठ्ठी हातात धरून हे सगळ्यांना दिसलं, त्यानंतर वाद जवळजवळ झालाच नाही.

तरीही कुणालाच काही सोडावं लागू नये, असा एक मार्ग आम्ही आधी करून पाहिला. मॅट्रिक्स हे निरोपांच्या देवाणघेवाणीसाठी 2014 पासूनचं खुलं मानक, म्हणजे कुणालाही वापरता येतील असे नियम. त्याचे 'ब्रिज' वेगवेगळी ॲप्स जोडतात. इकडे लिहिलेलं तिकडे उमटतं. आमच्यातल्या दोघांनी रात्री जागून ते उभं केलं. चाललंही. पण पलीकडचा प्रत्येक निरोप एकाच बॉटच्या, म्हणजे आपोआप निरोप टाकणाऱ्या खात्याच्या, नावानं यायचा, कुणी कुणाला उत्तर दिलं ते कळेना, एका बाजूला पुसलेलं दुसरीकडे तसंच राही. एका रात्री दोन ब्रिज एकमेकांचे निरोप परत पाठवत राहिले आणि सकाळी सगळ्यांच्या फोनवर एकच ओळ शेकडो वेळा होती. तीन आठवड्यांनी थांबवलं. त्या दोघांची मेहनत वाया गेली असं मी मानत नाही. ब्रिजनं धागे जोडले तरी माणसं आठ ठिकाणीच राहतात, हे त्याशिवाय आम्हाला पटलं नसतं.

निवड करताना दोन माणसांचा शब्द मी शेवटचा मानला. एक आमचे इलेक्ट्रॉनिक्सवाले काका, ज्यांना ईमेलशिवाय काही नको असतं. दुसरा आमचा एक अंध सभासद, जो स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतो आणि सोल्डरिंग माझ्यापेक्षा नीट करतो. त्याच्या शेजारी बसून आम्ही एकेक पर्याय उघडला. एका ठिकाणी दर निरोपाआधी त्याला इमोजींची अख्खी रांग ऐकावी लागत होती. ते तिथंच बाद झालं. शेवटी झुलिप नावाचं चॅट ॲप घेतलं. ते 2015 पासून मुक्तस्रोत आहे, आपल्या सर्व्हरवर चालवता येतं, आणि चॅनलमधल्या चर्चा विषयांनुसार वेगळ्या राहतात. 'टेबल सॉ' हा विषय उघडला की फक्त सॉचंच दिसतं. सूचना ईमेलवर जाते आणि सर्व्हरवर तशी सोय केली असेल तर ईमेलनंच उत्तरही देता येतं. काकांनी पहिलं उत्तर तसंच दिलं, खाली सहीसकट.

'आपला सर्व्हर' हा आग्रह कशाला, असंही एकानं विचारलं. याहू ग्रुप्स ही ईमेल गटांची सेवा 15 डिसेंबर 2020 ला बंद झाली, आणि कितीतरी मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्याआधीच पुसला गेला होता. आमची लेझरची सेटिंग्ज मला तशी जाऊ द्यायची नव्हती.

जुनं सगळं उचलून आणायचं नाही, हेही ठरवलं. व्हॉट्सॲपची निर्यात केलेली फाइल उघडली तर त्यात लोकांचे फोन नंबर, आजारपणं, एकमेकांची मनधरणी, सगळंच होतं. ते त्यांनी त्या ग्रुपपुरतं लिहिलेलं होतं. म्हणून चार जणांनी मिळून फक्त कामाची माहिती वेचली आणि विकीवर नव्यानं लिहिली. यात सर्वांत जास्त वेळ गेला, अडीच महिने. कंटाळवाणं काम होतं, आणि मला विचाराल तर सर्वांत महत्त्वाचं तेच. आता प्रत्येक यंत्रावर एक क्यूआर कोड चिकटवलेला आहे, तो त्या यंत्राच्या पानावर नेतो.

जुने ग्रुप पुसले नाहीत. पुसले असते तर त्याच नावाचे नवे उभे राहिले असते. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं केलं, वर नव्या जागेची लिंक ठेवली, आणि बंद करण्याची तारीख महिनाभर आधी दारावर लावली. त्या तारखेला बंद केलेच. काहींनी "अजून आठवडाभर द्या" म्हटलं, पण मी दिला नाही. आधीचा प्रत्येक आठवडा तसाच वाढत गेला होता.

दहाव्या दिवशी कुणीतरी लाकूडकामाचा नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मला रागच आला. पण त्यात कसले निरोप येतात ते विचारून पाहिलं तर जवळपास सगळे पहिल्या ढिगातले : "कोणी आहे का?" हा ढीग आमच्या नव्या रचनेत कुठेच बसवला नव्हता. मग दाराशेजारी एक मोठा खटका बसवला. आत येणारा तो वर करतो, शेवटचा जाणारा खाली. चॅनलमध्ये 'उघडं' किंवा 'बंद' उमटतं आणि आमच्या पानावरही दिसतं. अशा उघड-बंदची माहिती देण्यासाठी मेकरस्पेस, म्हणजे आमच्यासारख्या सामुदायिक कार्यशाळा, चालवणाऱ्या मंडळींनी स्पेसएपीआय नावाची एक सामायिक पद्धत केलेली आहे, आम्ही तीच वापरली. नवा ग्रुप हळूहळू आपोआप शांत झाला.

यंत्र बिघडलं तर आधी प्लग काढायचा, त्याला लाल पाटी बांधायची, मग लिहायचं, असाच क्रम आता आहे. कारण निरोप न वाचताच कुणीतरी यंत्रापाशी येणारच. गेल्या महिन्यात लेथच्या पट्ट्याला तडा गेला. सकाळी मी पोचले तेव्हा पाटी बांधलेली होती, आणि 'लेथ' या विषयाखाली पट्ट्याचा फोटो, मापं आणि "नवा मागवला आहे, पाटी मीच सोडेन" एवढं लिहिलेलं होतं. लिहिणारी तीच होती, जिच्या हातून ती फळी सुटली होती.